कबूतरखानीची हजेरी

नव्या सत्राचा एकही तास अजून झाला नव्हता, तरी फर्झीन कबूतरखानीचं सगळ्या तासांबद्दलचं मत तयार होतं. सकाळचा पहिला तास झोपेला बरा. त्यानंतरचा तास कँटीनच्या डोक्यावर असल्यामुळे उत्तम. आणि डॉक्टर मुस्तौफींचा तुळयांचा तास हा तास नव्हेच, ते संकट होतं. तुळई किती वजनाने वाकते आणि कुठे मोडते, एवढंच त्या विषयात शिकायचं असतं. फर्झीन त्यात दोनदा मोडला होता.

"यंदा मी पास होणार," त्याने आपल्या गावी, रफ्संजानमध्ये, घरी जेवताना जाहीर केलं. "कागदावर लिहून देतो."

"नाही झालास तर माझ्याबरोबर पिस्ते निवडायला बस," वडील भातावरचा कुरकुरीत थर मोडत म्हणाले. "तिथे परीक्षा नसते."

वडील धमक्या देत नसत. ते नुसतं सांगत आणि मग तसं होई. फर्झीनला वडिलांच्या पिस्त्यांच्या गोदामाची मनापासून भीती वाटायची. दिवसभर एका लांब टेबलाशी बसायचं, फुटलेले पिस्ते इकडे, न फुटलेले तिकडे, आणि शेजारी थोरल्या काकांची तीच ती गोष्ट.

"म्हणजे यंदा अभ्यास करणार?" आईने आशेने विचारलं.

"आई, अभ्यास काय, सगळेच करतात. माझ्याकडे योजना आहे."

योजनेचा पाया असा. आपण नापास होतो ते अभ्यासामुळे नाही, तर ओळख नसल्यामुळे, असं फर्झीनचं ठाम मत होतं. डॉक्टर मुस्तौफी तासभर फळ्याकडे तोंड करून शिकवत. त्यांना मुलांचे चेहरे माहीत व्हायचे, तर मुलांनी फळ्यावरच बसायला हवं होतं. दोन सत्रं फर्झीन त्यांच्या पाठीकडे बघत बसला होता आणि दोन्ही वेळा पाठीने त्याला नापास केलं होतं. एकदा का चेहरा ओळखीचा झाला, की माणूस पास करायला आपोआप नरमतो.

आणि चेहरा दाखवायला सत्राच्या पहिल्या आठवड्यासारखी वेळ नाही. कारण आमच्याकडे पहिल्या आठवड्यात वर्गात जायचं नसतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. बाहेरगावची मुलं घरीच राहतात, गावातली झोपतात, बरेचसे प्राध्यापकही फिरकत नाहीत. अडचण फक्त फितुरांची. एखादा जरी जाऊन बसला, की शिकवणारा त्या एकट्याला शिकवतो आणि बाकी सगळ्यांची गैरहजेरी लावतो. म्हणून वर्गाचा प्रतिनिधी आधीच सगळ्यांकडून शब्द घेऊन ठेवतो.

या वर्गाचा प्रतिनिधी फर्झीनच होता. म्हणजे सगळ्यांकडून न जाण्याचा शब्द घ्यायचा आणि आपण एकट्याने जायचं. एक उस्ताद, एक विद्यार्थी आणि नुकत्याच उतरवलेल्या पिस्त्यांची एक पिशवी. यात कुठे काही चुकेल असं त्याला वाटलं नाही.

शुक्रवारी त्याने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, 'शनिवारी मुस्तौफींच्या तासाला कुणीही जायचं नाही. जो जाईल तो नामर्द.' मग मुलींचा विचार करून खाली जोडलं, 'जी जाईल तीसुद्धा.'

भराभर शब्द आले. फर्झीनचा जिवलग दोस्त बेहरंग याने बंदर अब्बासच्या समुद्राचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मासे खातोय, आठवडाभर हलत नाही.' वर्गात नेहमी पहिली येणाऱ्या मेहरनूश सालारीने कळवलं की ती आजीला घेऊन मशहदच्या दर्ग्याला गेली आहे आणि तिथे सगळ्यांसाठी दुआ मागेल. फर्झीनने लिहिलं, 'मी पिस्त्याच्या झाडावर आहे.' हे त्याने विद्यापीठाच्या गावाचं, म्हणजे केरमानच्या बसचं तिकीट काढताना लिहिलं.

शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी छातीशी धरून विद्यापीठाचा जिना चढला. तिसऱ्या मजल्यावर सामसूम होती. डॉक्टरांच्या वर्गाचं दार उघडंच होतं, आणि दाराशी मेहरनूश सालारी उभी होती.

फर्झीनने पिशवी पाठीमागे नेली.

"सलाम, आगा फर्झीन," मेहरनूश म्हणाली. "झाडावरून कधी उतरलात?"

"सलाम, मेहरनूश खानम. मशहदहून इतक्या लवकर?"

"आजीचे गुडघे धरले, परतावं लागलं. मी वर्गात आलेले नाही हं. मी ग्रंथालयात चाललेय."

"ग्रंथालय तळमजल्यावर आहे."

"म्हणूनच जिना शोधतेय. तुम्ही कसे?"

"मी पहाऱ्याला," फर्झीन म्हणाला. "कुणी फितूर येतोय का, ते प्रतिनिधीला बघावं लागतं."

"आणि पिशवीत काय?"

"डबा. पहारा लांबला तर."

तेवढ्यात जिन्यावरून शीळ ऐकू आली आणि मागोमाग बेहरंग आला. हातात पनीर लावलेली भाकरी होती. या दोघांना बघून त्याची शीळ तोंडातच राहिली.

"समुद्र कुठे गेला रे?" फर्झीनने विचारलं.

"ओहोटी लागली," बेहरंग म्हणाला. "तू झाडावर होतास ना?"

मग एकेक करून सगळा वर्ग आला. कुणाचं ओळखपत्र हरवलं होतं, कुणी चुलतभावाला विद्यापीठ दाखवायला आलं होतं आणि चुलतभाऊ वाटेत चुकला होता. एकजण मागच्या सत्रात विसरलेली छत्री न्यायला आला होता. पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या केरमानमध्ये छत्री बाळगणारा माणूस त्या दिवशी प्रथमच उजेडात आला. प्रत्येकजण एकटाच यायच्या बेताने आला होता आणि प्रत्येकाच्या अंगावर इस्त्रीचे कपडे होते.

आता आत जावं तर आपण फितूर ठरतो. निघून जावं तर मागे राहिलेल्यांचं फावतं. त्यामुळे सगळे दाराबाहेर उभे राहून एकमेकांना आग्रह करू लागले.

"मेहरनूश खानम, तुम्ही निघा. आजी वाट बघत असतील."

"छे हो, आधी तुम्ही. तुमची बस चुकेल."

"बसचं काय, माझं डोकं तुमच्यावरून ओवाळून टाकावं. तुम्ही व्हा पुढे."

"तुम्ही असताना मी आधी निघू? शोभतं का ते?"

"बेहरंग, तू तरी जा. मासे गार होतील."

"प्रतिनिधीच्या आधी कसा जाऊ? मला लाज नाही का?"

आमच्याकडे जेवायला बोलावलेली माणसं दाराशी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभी राहतात आणि आत पुलाव गार होतो, ही रोजची गोष्ट आहे. पण बाहेर जाण्यासाठी इतका आग्रह कुणी केलेला त्या इमारतीने पाहिला नव्हता. कुणी तसूभरही हललं नाही.

मग जिन्यात पावलं वाजली. एक पाय जरा घासत टाकायची डॉक्टरांची ती चाल सगळ्यांच्या ओळखीची होती. फर्झीनने झटपट हिशेब केला. आत्ता सगळे आत गेले तर तो इतक्या चेहऱ्यांतला एक चेहरा ठरणार आणि डॉक्टर पुन्हा फळ्याकडे वळणार. कुणीच दिसलं नाही तर मात्र अजून आशा होती. सगळ्यांना चुकवून मागाहून एकट्याने जाता आलं असतं.

"शब्द दिलाय आपण," तो दबक्या आवाजात म्हणाला. "कुणी दिसता कामा नये. चला, चला आत."

आणि त्याने शेजारच्या रिकाम्या खोलीचं दार ढकललं. सगळे गेले. विश्वासाने नव्हे. एकजण गेला म्हणून दुसरा गेला, आणि बाहेर कुणी एकटा उरायला नको म्हणून उरलेले गेले. पडदे ओढलेले होते, दिवा लावायची सोय नव्हती. अंधारात बाक चाचपडत सगळे बसले.

पावलं पलीकडच्या वर्गात गेली. खुर्ची सरकली. आता रिकामा वर्ग बघून डॉक्टर परत फिरतील, दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण डॉक्टर मुस्तौफी जर्मनीत बरीच वर्षं राहून आले होते आणि तिथून दोन सवयी घेऊन आले होते. एक म्हणजे तासाची वेळ झाली की तास सुरू होतो.

"सलाम," भिंतीपलीकडून आवाज आला. "नव्या सत्रात तुमचं स्वागत."

खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, म्हणजे अंधारात जिकडे कुणी असेल तिकडे बघितलं.

"रिकाम्या बाकांना शिकवतायत," बेहरंग कुजबुजला.

"आज आपण जे बघू," डॉक्टर सांगत होते, "त्यावरच पुढच्या शनिवारी चाचणी आहे."

अंधारात पटापट वह्या उघडल्या. खडू वाजायला लागला. भिंत पातळ होती, शब्द न शब्द ऐकू येत होता.

"ही आपली तुळई. दोन्ही टोकांना आधार. आता वजन मी इथे ठेवतो. बघा, आणि जिथे मी बोट ठेवलंय, नेमकी तिथे ती मोडते."

"कुठे मोडते?" छत्रीवाल्याने विचारलं.

"बोट ठेवलंय तिथे," बेहरंग म्हणाला आणि त्याने तसंच लिहून घेतलं.

"आता वजन थोडं इकडे सरकवू," डॉक्टर म्हणाले.

"कुणीकडे?"

"थोडं इकडे म्हणाले ना. लिही."

 पलीकडे डॉक्टर एकटे होते, मोकळे होते, फर्झीनच्या आयुष्याचा निकाल एका विटेच्या अंतरावर होता, आणि तो इथे या सगळ्यांत अडकला होता. तो हळूच उठला.

"मी जरा हात धुऊन येतो."

अख्खा वर्ग उठला. सगळ्यांनाच हात धुवायचे होते. फर्झीन बसला, तसे सगळे बसले.

आणि नेमका तेव्हा त्याचा फोन वाजला. घाईघाईत बंद करायला गेला तो सुरू झाला. फर्झीनच्या आईला फोनवर बोलताना मधलं अंतर आवाजाने भरून काढायची सवय होती, आणि रफ्संजान तसं बरंच लांब होतं.

"फर्झीन जान, पोचलास का? डॉक्टर भेटले का? दुसरं कुणी आलं नाही ना?"

"आई, नंतर बोलतो."

"तू म्हणालास तसं सगळे घरीच राहिले ना, मूर्खासारखे? पिस्ते दिलेस का? एकटे असतानाच दे हं. दुसरं कुणी असलं की वाटावे लागतात!"

फर्झीनने फोन बंद केला. बेहरंगने भाकरी चावल्याचा आवाजही सगळ्यांना ऐकू आला.

"पहाऱ्याला आला होतास," बेहरंग म्हणाला. "डबा घेऊन."

"आगा फर्झीन," अंधारातून मेहरनूशने गोड आवाजात विचारलं, "जो जाईल तो कोण, असं लिहिलं होतंत तुम्ही?"

"मग मशहदला दुआ कोण मागतंय?" फर्झीन चिडून म्हणाला. "तुमची आजी?"

यावर बरंच काही बोलणं होणार होतं, पण भिंतीपलीकडचा खडू थांबला होता. घासत टाकलेली पावलं बाहेरच्या वाटेत आली. फर्झीन धडपडत उठून दाराकडे धावला, आता निदान मोठ्या मनाने सगळं कबूल करावं अशा काहीतरी विचाराने. तो दाराशी पोचला आणि दार बाहेरून उघडलं. आत आलेला सगळा उजेड त्याच्या एकट्याच्या तोंडावर पडला. मागचे सगळे अंधारात राहिले.

"माफ करा," डॉक्टर मुस्तौफी म्हणाले. "आत वर्ग आहे हे माहीत नव्हतं. माझ्या आवाजाचा त्रास झाला का?"

दोन सत्रं समोर बसून नापास झालेल्या मुलाकडे ते अगदी परक्या माणसाच्या अदबीने बघत होते. फर्झीनच्या मनाला ते लागलं.

"नाही, उस्ताद," तो कसाबसा म्हणाला.

"तुमचे प्राध्यापक कुठे आहेत?"

"आले नाहीत," मागून बेहरंग बोलून गेला.

"कोण?"

बेहरंगला आठवलं ते पहिलं नाव त्याने सांगितलं. "डॉक्टर झरंदी."

"झरंदी?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "ते तर निवृत्त झाले ना?"

"म्हणूनच आले नाहीत, उस्ताद."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. "आणि तरी तुम्ही सगळे पहिल्या दिवशी येऊन अंधारात वाट बघत बसलात," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला. "झरंदी नशीबवान आहेत. माझा वर्ग बघा. एक माणूस आलेला नाही."

 फर्झीनला भयंकर अवघडल्यासारखं झालं, आणि अवघडल्यावर आमच्याकडे माणूस जे करतो तेच त्याने केलं. हातात खाण्याची वस्तू होती, समोर वडीलधारा माणूस होता. हात आपोआप पुढे झाला.

"घ्या ना, उस्ताद. तुमच्यापुढे काय आहे हे, पण घ्या."

यावर समोरचा 'नको नको' म्हणतो. फार आग्रह झालाच तर एक दाणा उचलतो. पण जर्मनीतली डॉक्टरांची दुसरी सवय अशी की, समोरचा जे म्हणतो तेच त्याला म्हणायचं आहे असं ते धरून चालत.

"वा, आभारी आहे," ते म्हणाले, आणि अख्खी पिशवी काखेत मारली. आत डोकावून त्यांनी वास घेतला. "रफ्संजानचे. तुम्ही फार चांगले दिसता. मग असं करा ना, तुमचे प्राध्यापक नाहीत, माझी मुलं नाहीत. सगळे माझ्या वर्गात चला. धडा छान रंगलाय."

 संकट असं टळेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आत जाऊन बसायचं, फळ्यावरची तुळई डोळ्यांनी बघायची, हजेरीला हो म्हणायचं. मेहरनूश वही घेऊन उठलीसुद्धा.

"नको नको, उस्ताद," फर्झीन म्हणाला. "तुम्हाला कशाला त्रास."

हे तो बोलला नाही. हे त्याचे आईवडील, आजीआजोबा आणि त्यांच्या मागच्या कितीतरी पिढ्या त्याच्या तोंडून बोलल्या. पहिल्या बोलावण्याला हो म्हणतं कोण? माणूस नाही म्हणतो, मग दुसऱ्यांदा आग्रह होतो, मग तिसऱ्यांदा, आणि मग आपण मोठ्या नाइलाजाने उठतो. फर्झीन चेहऱ्यावर तो नाइलाज तयार ठेवून दुसऱ्या आग्रहाची वाट बघू लागला.

"बरं, जशी तुमची इच्छा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

 मग मेहरनूश हळूच म्हणाली, "आगा फर्झीन, तुम्ही खरंच झाडावरच राहायला हवं होतं."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. "आता हजेरी," डॉक्टर म्हणाले. "बेहरंग आशूरी."

बेहरंगचा हात अर्धवट वर गेला आणि खाली आला.

"गैरहजर," डॉक्टर म्हणाले, आणि पाठोपाठ टक्क असा आवाज आला. ते पिस्ता फोडत होते.

पुढचं नाव. गैरहजर. टक्क. अख्ख्या वर्गाची नावं एकेक करून भिंतीतून येत होती, अख्खा वर्ग अंधारात बसून ती ऐकत होता, आणि प्रत्येक नावामागे फर्झीनच्या बागेतला एक पिस्ता फुटत होता. गैरहजेरी साठली की डॉक्टर परीक्षेला बसू देत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"फर्झीन कबूतरखानी." थोडा वेळ शांतता. "हा मागेही होता वाटतं. गैरहजर."

टक्क.

त्या संध्याकाळी आईचा पुन्हा फोन आला. "कसा आहे नवा वर्ग?"

"ऐकायला बरा आहे," फर्झीन म्हणाला.

आठवडाभर त्याच्याशी कुणी धड बोललं नाही, आणि त्याने आयुष्यात प्रथमच अभ्यास केला. तुळया वाकवल्या, मोडल्या, रात्री स्वप्नात वडिलांचं गोदाम बघून दचकून उठला आणि परत तुळया मोडल्या. शनिवार येईपर्यंत त्याला खरोखरच सगळं यायला लागलं होतं. बोट कुठे ठेवलं होतं तेसुद्धा त्याने गणित करून शोधून काढलं. शनिवारी तो सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसला. वर्ग भरला. डॉक्टर मुस्तौफी आले, काखेत हजेरीचा कागद आणि ती पिशवी होती. त्यांनी सवयीने फळ्याकडे वळण्याआधी वर्गावरून एक नजर फिरवली. बाकीच्या चेहऱ्यांवरून ती घसरत गेली. फर्झीनपाशी येऊन थांबली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. योजना सफल झाली होती. डॉक्टर मुस्तौफींनी त्याला ओळखलं होतं.

"अरे, पिस्तेवाले!" ते प्रेमाने म्हणाले. "तुम्ही इथे कसे? तुमचा वर्ग शेजारी."

"उस्ताद, खरं सांगायचं तर मी..."

"लाजू नका. नव्या सत्रात होतो असा गोंधळ." त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "बिचारे झरंदी, एक तुम्हीच भरवशाचे, आणि तुम्हीही नाही गेलात तर? या, या."

फर्झीनने वळून वर्गाकडे बघितलं. हा आमचाच आहे, असं एकाने म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग तुम्हाला कसं माहीत, आणि त्या दिवशी अंधारात कोण होतं, हेही निघालं असतं. मेहरनूश पेन्सिलीला टोक करत होती. बेहरंग खिडकीतून नसलेला समुद्र बघत होता. डॉक्टरांनी दार उघडून धरलं आणि अदबीने म्हणाले, "आधी तुम्ही."

आणि फर्झीन सवयीने आभार मानून बाहेर पडला.

शेजारची खोली तशीच होती, पडदे ओढलेली. तो पहिल्या बाकावर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. रडू येतंय की हसू, ते त्याला कळेना. पलीकडे कागद वाजला.

"बेहरंग आशूरी."

"हजर, उस्ताद."

नावं येत गेली, हजर, हजर. फर्झीन उठला आणि भिंतीला तोंड लावून उभा राहिला. 

"फर्झीन कबूतरखानी."

"हजर!" फर्झीन जिवाच्या आकांताने ओरडला. "हजर आहे, उस्ताद! कबूतरखानी हजर आहे!"

पलीकडची हजेरी थांबली. मग डॉक्टरांचा समाधानी आवाज आला.

"बघा," ते वर्गाला म्हणाले. "झरंदी आले वाटतं, तिकडेही हजेरी चाललीय. आपला मात्र गैरहजर."

टक्क.